पावणेसहा हजार फुटांवरची रेघ

1959 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या गावाने मतदान करून एक अजब नियम केला. समुद्रसपाटीपासून 5750 फुटांच्या वर नगरपालिका कोणाला पाणी देणार नाही. बस्स, एवढंच. डोंगरावर घरं बांधू नका, झाडं तोडू नका, असलं काही त्या नियमात नव्हतं. जमीन तुमची आहे, खुशाल बांधा. फक्त नळाला पाणी येणार नाही.

नकाशावरच्या या रेघेला लोक ‘ब्लू लाइन’ म्हणू लागले. ती आखण्यात पुढाकार होता कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांचा. एक गणितज्ञ, रॉबर्ट मॅकेल्वी, आणि दुसरे भौतिकशास्त्राचे अल्बर्ट बार्टलेट. गावाच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची पहिली रांग एकदम उभी राहते. तिच्या अंगावर तांबूस दगडाच्या प्रचंड तिरप्या शिळा आहेत, त्यांना फ्लॅटआयर्न्स म्हणतात. बंगले त्या शिळांच्या दिशेने वर सरकत होते. वरच्या घरांना पाणी पोचवायचं तर पंप हवे, टाक्या हव्या, आणि त्यांचा खर्च अर्थातच खालच्यांच्याही बिलात येणार. म्हणजे डोंगर वाचवण्याचा मुद्दा त्यांनी पाण्याच्या हिशेबातून मांडला. मला ही युक्ती फार आवडते. निसर्गप्रेमाची हाक दिली की निम्मे लोक जांभया देतात. पाणीपट्टी म्हटलं की सगळे कान टवकारतात.

त्या वर्षांत गाव किती फुगत होतं ते पाहा. 1950 च्या जनगणनेत बोल्डरची वस्ती जेमतेम 20 हजार. 1960 मध्ये सुमारे 38 हजार. 1970 मध्ये जवळजवळ 67 हजार. डेन्व्हरहून नवा हमरस्ता आला, केंद्र सरकारची प्रयोगशाळा आली, मागोमाग कंपन्या आल्या. बार्टलेट यांना हे आकडे बघून काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो, कारण पुढे त्यांनी आयुष्यभर एकच व्याख्यान दिलं: दरसाल ठरावीक टक्क्यांनी वाढणारी गोष्ट बघता बघता कशी दुप्पट, चौपट, आठपट होते, आणि माणसाला ते उमगत कसं नाही. 2013 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हे व्याख्यान दीड हजारांहून अधिक वेळा देऊन झालं होतं.

पण रेघेत एक भोक होतं. मतदारांनी केलेला नियम मतदारच शिथिल करू शकतात, आणि दोनच वर्षांत तसं झालंही. 1961 मध्ये वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संशोधन केंद्राला रेघेच्या वर पाणी द्यायला लोकांनी मंजुरी दिली. तिथे आय. एम. पेई या थोर वास्तुविशारदाने बांधलेली तांबूस काँक्रीटची इमारत आजही आहे, आणि ती इतकी देखणी आहे की अपवादाबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही. त्यानंतर मात्र एन्चान्टेड मेसा नावाच्या पठारावर आलिशान हॉटेल बांधायचा बेत पुढे आला. हॉटेलवाल्याला कायम ‘नाही’ म्हणत राहायचं, की जमीनच घेऊन टाकायची? 1962 मध्ये मतदारांनी कर्जरोखे काढायला संमती दिली आणि सुमारे एक लाख डॉलर खर्चून ते पठार नगरपालिकेने आपलं केलं.

इथे गोष्ट खरी वळते. पाणी नाकारणं फुकटात होतं, पण ज्याच्याकडे स्वतःची विहीर आणि पुरेसा पैसा आहे त्याला ते अडवू शकत नव्हतं. शिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घ्यायची तर रास्त मोबदला दिलाच पाहिजे. नकाशावर हिरवा रंग फासून जमीन हिरवी राहत नाही. तिच्या मालकाचं काय, हा प्रश्न उरतोच. पुण्यातल्या टेकड्यांच्या आरक्षणाचा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो कुठे येऊन अडतो ते ठाऊक आहे. रिकामी जागा रिकामी ठेवायची तर कोणाला तरी तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत दरवर्षी चढत असते.

मग पैसा कुठून आणायचा? नोव्हेंबर 1967 मध्ये बोल्डरच्या लोकांनी स्वतःवर नवा विक्रीकर लावून घेतला. डॉलरमागे एक सेंट. त्यातला 40 टक्के भाग मोकळ्या जागा विकत घेण्यासाठी, 60 टक्के रस्त्यांसाठी. मोकळ्या जागांसाठी नागरिकांनी मतदान करून स्वतःवर कर बसवण्याचं अमेरिकेतलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. शंभर डॉलरची खरेदी केली की 40 सेंट डोंगराच्या खात्यात. बूट घ्या, सायकल घ्या, हॉटेलात जेवा, कुठेतरी एक गवताळ तुकडा तसूभर सुटला. रस्त्यांबरोबर जोडी लावण्यातही राजकीय शहाणपण आहे: ज्याला गवताचं काही पडलेलं नाही त्याला खड्डे बुजलेले तरी हवेच असतात.

आता यातलं गणित बघू, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणातली चकित करणारी गोष्ट हीच आहे. समजा, जमिनीचा भाव दरसाल 7 टक्क्यांनी चढतो. मग दहा वर्षांत तो दुप्पट होतो, वीस वर्षांत चौपट, चाळीस वर्षांत सोळापट. करातून चिल्लर साठवत बसलं आणि पुरेशी जमली की जमीन घेऊ म्हटलं, तर जमीन कायम चार पावलं पुढे पळत राहणार. म्हणून नगरपालिका रोखे काढते: पुढच्या वीसेक वर्षांत येणाऱ्या कराच्या भरवशावर आज कर्ज घ्यायचं आणि जमीन आजच्या भावाने पदरात पाडायची. आणि तो कर स्थिर थोडाच असतो! माणसं वाढली, दुकानं वाढली की विक्री वाढते, विक्री वाढली की कर वाढतो. शहराचा फुगवटा जितका मोठा, तितका त्याला वेसण घालायचा निधी मोठा. ज्या चक्रवाढीची बार्टलेट यांना धास्ती वाटत होती, तीच या योजनेत इंधन म्हणून जुंपली गेली.

1989 मध्ये मतदारांनी या कराला आणखी 0.33 टक्क्याची भर घातली. आज शहराभोवती 45 हजार एकरांहून अधिक मोकळी जमीन नगरपालिकेच्या ताब्यात आहे. ही सगळी काही बाकडी-कारंजी असलेली बाग नव्हे. बरीचशी शेतजमीन आहे आणि ती शेतकऱ्यांना, गुराख्यांना भाडेपट्ट्याने दिलेली आहे. काही ठिकाणी तर जमीन विकतच घेतलेली नाही, तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा विकत घेतला. शेत मालकाचं, नांगर मालकाचा, पीकही त्याचंच. फक्त त्यावर इमारत कधी उठणार नाही असा करार, आणि तो पुढच्या प्रत्येक मालकाला लागू.

पाण्याची गंमत इथे पुन्हा येते. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसतो. तो वेगळा विकता येतो, आणि ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा मान आधी. तेव्हा शहराला जमिनीबरोबर जुन्या पाटांमधले पाण्याचे हिस्सेही विकत घ्यावे लागले, नाहीतर हिरवी कुरणं काही वर्षांत करपली असती. साउथ बोल्डर क्रीकच्या काठी अशाच पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या, जिथे गुरं चरतात आणि गवत कापलं जातं अशा कुरणांत पांढऱ्या फुलांचं एक दुर्मीळ ऑर्किड उगवतं. युट लेडीज ट्रेसेस हे त्याचं नाव. 1992 मध्ये ते केंद्र सरकारच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आलं. माणसाने हात न लावलेल्या जागीच दुर्मीळ फुलं टिकतात अशी आपली समजूत असते. हे फूल टिकलं ते शंभरेक वर्षांच्या पाटबंधाऱ्यांच्या आणि गुरांच्या संगतीत. ते सांभाळायचं तर पाट उपसणाऱ्या माणसाचा पगारही चालू ठेवायला हवा.

म्हणूनच जमीन घेणं हा खर्चाचा सोपा भाग. खरेदीखत एकदा होतं, पण पायवाटा पावसात दरवर्षी वाहून जातात, परदेशी तण माजतं, कुंपणं मोडतात. कड्यांवर बहिरी ससाण्यांची घरटी असतात तेव्हा काही वाटा त्या मोसमापुरत्या बंद कराव्या लागतात आणि चिडलेल्या गिर्यारोहकांना समजवायला माणसं लागतात. याला ना उद्घाटन, ना फीत. जगभरच्या उद्यानांची आबाळ होते ती इथेच, कारण घेण्यासाठी पैसे द्यायला लोक हौसेने तयार होतात, राखण्यासाठी देताना हात आखडतात. बोल्डरमध्ये कराचा ठरलेला वाटा या एकाच कामासाठी बांधलेला आहे, अंदाजपत्रकात दरसाल हात पसरावे लागत नाहीत, हा मोठाच फरक. शिवाय ही जमीन शहराच्या सनदेने बांधलेली आहे: 1986 पासून तिचा तुकडा विकायचा तर नागरिकांच्या मंडळाची संमती लागते, आणि पुरेशा लोकांनी सह्या केल्या तर प्रश्न थेट मतपेटीत जातो.

याची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. चहूबाजूंनी मोकळं रान आणि मध्ये बांधकामाला मर्यादित जागा, तेव्हा आतल्या घरांचे भाव आभाळाला भिडले. बार्टलेट आणि मॅकेल्वी यांच्या काळात प्राध्यापकाला परवडणारं गाव आज कोलोरॅडोतल्या महागड्या शहरांत मोडतं. विक्रीकर श्रीमंताला आणि गरिबाला एकाच दराने लागतो, त्यामुळे कमी कमाई असलेल्याच्या खिशाला तो जास्त चिमटा घेतो. शहरात काम करणारे हजारो लोक, त्यात शिक्षक, परिचारिका, हॉटेलातले स्वयंपाकी, बाहेरच्या गावांत राहतात. दुपारी बोल्डरमध्ये विकत घेतलेल्या सँडविचवर ते हा कर भरतात आणि संध्याकाळी त्याच मोकळ्या रानामधून गाडी हाकत आपल्या घरी जातात.