बारावीनंतर जपानी, कोरियन, चिनी

लेक बारावी आर्ट्स झाली, आता पुढे काय, असं गटाच्या बैठकीत कितीदा ऐकू येतं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी, कोरियन, चिनी भाषांची बी.ए. ऑनर्स पदवी आहे. शाखा कुठलीही चालते. भाषा आधी यायला हवी असंही नाही. मात्र सीयूईटी परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म सहसा बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. निकालाची वाट बघत बसलं की वर्ष गेलंच!

अभ्यास सोपा नाही. जपानीत ४६-४६ अक्षरांच्या दोन लिप्या, शिवाय नेहमीच्या वापरातली २१३६ चित्राक्षरं. पण क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं.

दिल्ली लांब वाटते? पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानी शिकता येतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. तो आत्ताच काढायला टाका, तहसिलीत दिवस मोडतात.