ट्रंकेंतील फोटो व घरचें पान

छंद हा शब्द आपल्या घरांतून बहुधा किंचित् नाक मुरडूनच उच्चारला जातो. मुलांचा छंद म्हणजे अभ्यासांत व्यत्यय आणि वृद्धांचा छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत आमचीही समजूत याहून निराळी नव्हती. परंतु माळ्यावरील ट्रंकेंत पाणी शिरलें व तींतील घराण्याचे जुने फोटो वाळत घालण्याची पाळी आली. तेव्हांपासून संगणकावर फोटो दुरुस्त करणें, आणि ते मांडण्यासाठीं संकेतस्थळाची रचना शिकणें, हा दुहेरी छंद आम्हांस जडला. त्यांतून काय हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम या विद्येचें थोडें पूर्ववृत्त. सन १९५७ मध्यें अमेरिकेंतील रसेल कर्श या शास्त्रज्ञानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राखालून फिरवून त्याचे १७६ ओळींत प्रत्येकीं १७६ बिंदु केले, व ते संगणकांत उतरविले. आजही तत्त्व तेंच आहे. फोटो म्हणजे बिंदूंची जाळी, आणि प्रत्येक बिंदूस एक अंक. साध्या काळ्यापांढऱ्या फोटोंत काळ्यास ०, पांढऱ्यास २५५, व मधल्या छटांस मधले अंक. अंक बदलले कीं चित्र बदलतें. सारी किमया एवढीच. थॉमस व जॉन नोल या बंधूंनीं रचिलेलें फोटोशॉप सन १९९० मध्यें बाजारांत आलें. त्यास पैसे पडतात. स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९५ मध्यें आरंभिलेला गिंप हा प्रोग्राम मात्र विनामूल्य मिळतो. आम्हीं तोच पत्करला.

कृति फारशी अवघड नाहीं. स्कॅनरची कांच मऊ फडक्यानें पुसून फोटो इंचास ६०० बिंदु या प्रमाणांत उतरवावा. सहा इंच लांब व चार इंच रुंद फोटोचे अशा रीतीनें ८६ लाखांहून अधिक बिंदु होतात. ही पहिली प्रत टिफ या स्वरूपांत निराळी ठेवावी व तिला पुनः हात लावूं नये; जेपेग स्वरूप दर वेळीं जतन करतांना कांहीं तपशील गाळून टाकतें. कामाच्या प्रतीवर एक पारदर्शक थर पसरून दुरुस्ती त्या थरावरच करावी, म्हणजे हात चुकल्यास थर काढून टाकतां येतो. ओरखडा बुजवावयाचा तर शेजारचा निर्दोष भाग उचलून तेथें बसवावयाचा. चांगला रफूगार त्याच कापडाचा धागा काढून भोंक भरतो, तसेंच हें.

आमच्या ट्रंकेंतील सर्वांत मोलाचा फोटो सन १९१२ मधील, आजोबांच्या मुंजीचा. मांडवांत सारें घराणें बसलेलें आहे. आणि मागें, माजघराच्या दारांत, अर्धी आंत अर्धी बाहेर अशी आजोबांची आत्या उभी आहे. लहानपणींच वैधव्य आलेलें, केशवपन झालेलें, अंगावर आलवण. मंगलकार्यांत पुढें येण्याची तिला मुभा नव्हती. ती फोटोंत आली ती केवळ चुकून. ओल नेमकी तिच्याच चेहऱ्यावर चढली होती.

येथें घरांत मतभेद झाला. एक चुलत बंधु म्हणाले, "ती कड कापून टाका, फोटो नीटनेटका दिसेल." दुसऱ्यांनीं सुचविलें कीं, कृत्रिम बुद्धीचे प्रोग्राम क्षणांत डोक्यावर केस व अंगावर जरीचें लुगडें चढवितात, तसें करावें; तेवढेंच तिच्या आत्म्यास समाधान. आम्हांसही मोह पडला, हें कबूल केलें पाहिजे. मग आमच्या पुतणीनें तो चेहरा पडदाभर मोठा करून ८६ वर्षांच्या काकूंपुढें धरला. काकू सून म्हणून घरांत आल्या तेव्हां आत्याबाई हयात होत्या. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "जिवंतपणीं तिला दाराआडच ठेवली. आतां चुकून बाहेर आली आहे, तर पुनः आंत नका ढकलूं. आणि केस कसले चिकटवतां? जें सोसलें तें तरी तिचें राहूं द्या."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. डागाखालीं जो तपशील शिल्लक होता तो आम्हीं छटांचें प्रमाण बदलून वर आणला. गालाचा जो तुकडा मुळांतच सुटून गेला होता तो पांढराच राखला. भिंतीचें भोंक भिंतीच्या धाग्यानें भरतां येतें. चेहऱ्यास मात्र परका धागा चालत नाहीं. दुरुस्ती व बनावट यांमधली सीमा आम्हांस त्या दिवशीं उमजली.

आतां संकेतस्थळाविषयीं. जिनिव्हानजीकच्या सर्न या संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें वेबची कल्पना मांडली, व ३० एप्रिल १९९३ रोजीं संस्थेनें ती विद्या सर्वांस विनामूल्य मोकळी केली. तिचीं दोन मुख्य अंगें. एचटीएमएल म्हणजे स्वयंपाक: मथळा, परिच्छेद, चित्र हे पदार्थ. सीएसएस म्हणजे वाढणी: मीठ कोठें, चटणी कोठें, भाताची मूद कोठें, याचा नियम. स्वयंपाक तोच ठेवून वाढणी बदलतां येते. म्हणूनच तेंच पान संगणकावर ऐसपैस व फोनवर एकाखालीं एक असें मांडतां येतें. देवनागरी मजकुरासाठीं आरंभीं यूटीएफ-८ हा संकेत व भाषा मराठी असल्याची खूण घालावी. फोटोची रुंदी १२०० बिंदूंपर्यंत उतरवावी, म्हणजे पान लवकर उघडतें. शिवाय प्रत्येक चित्राचें शब्दांत वर्णन लिहावें. अंध वाचकास संगणक तें वाचून दाखवितो.

तें वर्णन लिहितांना आमची लेखणी आत्याबाईंपाशीं अडली. छापील कुलवृत्तांतांत त्यांच्याविषयीं "एक कन्या, बालविधवा" एवढेंच आहे. सारें घर त्यांस आत्याबाई म्हणे. नांव कोणासच ठाऊक नव्हतें. काकूंस तें आठवत होतें. एकदां वाती वळतां वळतां आत्याबाईंनींच तें त्यांस सांगितलें होतें. तें नांव आतां आमच्या घरच्या पानावर आहे. शेजारीं मूळ फोटो व दुरुस्त फोटो असे दोन्ही आहेत.

वाचकांस दोनच सूचना. हयात माणसांचे फोटो व जन्मतारखा त्यांच्या संमतीवांचून पानावर घालूं नयेत, मुलांच्या तर नयेतच. आणि साऱ्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. ज्यांस संगणकाचा कंटाळा असेल त्यांनीं निदान ट्रंक उघडून, घरांतील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून, प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांवें लिहून ठेवावीं. ओलीचा डाग पुढील वर्षींही काढतां येईल. नांव सांगणारें माणूस पुढील वर्षीं असेलच असें नाहीं.