तोंडावाटे पोटात : हैदराबादच्या एका प्रयोगाची पुढची वाट

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला जे सोसावे लागते, त्याचा बराच मोठा वाटा आतल्या रोगग्रस्त अवयवाचा नसून तिथवर पोचण्यासाठी कापाव्या लागणाऱ्या पोटाच्या भिंतीचा असतो. कातडी, तिच्याखालची चरबी आणि स्नायूंचे थर जितके कमी कापले जातील तितक्या वेदना कमी, जखमेत पू होण्याची आणि पुढे त्याच जागी हर्निया होण्याची शक्यता कमी, आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो, असा हा साधा हिशेब आहे. घरोघरी ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणून माहीत असलेली लॅपरोस्कोपी याच हिशेबावर उभी आहे. तीत बेंबीजवळच्या लहानशा छेदातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने भरून पोटाची भिंत आतड्यांपासून वर उचलली जाते. या पोकळीत कॅमेरा जोडलेली दुर्बीण आणि अर्धा ते एक सेंटिमीटर व्यासाच्या नळ्यांतून लांब दांड्याची हत्यारे जातात, आणि शल्यचिकित्सक पडद्याकडे पाहत हात चालवतो. कार्बन डायऑक्साइडच का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे सहज बाहेर पडतो; ऑपरेशननंतर एकदोन दिवस खांदा दुखतो, तोही मुख्यतः या वायूमुळे श्वासपटलाला बसलेल्या ताणाचाच परिणाम.

जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये या पद्धतीने अपेंडिक्स काढले, एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय काढले, आणि फ्रान्समधील लिऑनच्या फिलिप मूरे यांच्या १९८७ मधील शस्त्रक्रियेनंतर ही पद्धत जगभर पसरली. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये पित्ताशयाची पहिली लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया केली. केवळ निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याचे काम ते १९७० च्या दशकापासूनच करत होते.

पद्धत इतक्या झपाट्याने पसरली की तिची परीक्षा मागून झाली, आणि त्या परीक्षेचे निकाल सरसकट कौतुकाचे नव्हते. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या एका गटाने १९९१ मध्ये १,५१८ पित्ताशय-शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. पित्तनलिकेला, म्हणजे यकृतातून पित्त आतड्यात नेणाऱ्या मुख्य नळीला, इजा होणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत धास्तीचा प्रकार. प्रत्येक चमूच्या पहिल्या १३ रुग्णांत तो २.२ टक्के होता, तर पुढच्या रुग्णांत अवघा ०.१ टक्का. नव्या तंत्राची शिकवणी रुग्णांच्या शरीरावर होते आणि तिची किंमत सुरुवातीचे रुग्ण मोजतात, ही गोष्ट इतक्या उघड आकड्यांत क्वचितच मांडली गेली असेल.

इंग्लंडमधील शेफिल्ड येथील संशोधकांनी १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडलेली चाचणी त्याहून अस्वस्थ करणारी होती. त्यांनी २०० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाचे पित्ताशय लॅपरोस्कोपीने काढले, दुसऱ्याचे पोटावर लहानसा उघडा छेद घेऊन. मग दोन्ही गटांच्या पोटावर अगदी सारख्याच पट्ट्या बांधल्या, जेणेकरून कोणते ऑपरेशन झाले हे रुग्णाला कळू नये. रुग्णालयातील मुक्कामात फरक पडला नाही, कामावर परतायला लागलेल्या काळातही लॅपरोस्कोपी सरस ठरली नाही, उलट ऑपरेशनला वेळच अधिक लागला. याचा अर्थ लॅपरोस्कोपी निरुपयोगी असा नव्हे. तिची तुलना जुन्या मोठ्या छेदाशी केली तर तिचा फायदा निर्विवाद आहे. परंतु ‘दुर्बिणीने झाले, आता लवकर बरे वाटणार’ ही रुग्णाची आणि डॉक्टरांची अपेक्षाही बरे होण्यात आपला वाटा उचलते, आणि तो वाटा वेगळा काढल्याखेरीज तंत्राचे खरे माप कळत नाही, हे त्या पट्ट्यांनी दाखवून दिले.

या पार्श्वभूमीवर हैदराबादमधील घटना पाहिली पाहिजे. डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी १९९० च्या दशकात स्थापन केलेली एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी ही संस्था मूळची एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे लवचिक दुर्बीण घालून पचनमार्ग आतून तपासण्याची आणि तिथेच उपचार करण्याची. तेथे रेड्डी आणि शल्यचिकित्सक डॉ. जी. व्ही. राव यांनी, पोटाची कातडी भाजल्यामुळे बाहेरून छेद घेणे अवघड झालेल्या रुग्णाच्या बाबतीत, वेगळीच वाट धरली. एंडोस्कोप तोंडावाटे जठरात नेला, जठराच्या भिंतीला आतून छिद्र पाडले, त्यातून उदरपोकळीत शिरून अपेंडिक्स सोडवले आणि ते तोंडावाटेच बाहेर काढले. पोटावर एकही टाका नाही. २००४ च्या फेब्रुवारीत जयपूर येथे भरलेल्या एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेत हे काम मांडले गेले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अँथनी कल्लू यांचा याच वाटेने डुकरांवर केलेला प्रयोग त्याच वर्षी छापून आला. माणसावरील काम मात्र हैदराबादचे, आणि नैसर्गिक द्वारांतून करावयाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात ते आज त्याच नावाने नोंदले जाते.

पुढची काही वर्षे या कल्पनेने शल्यजगताला भारून टाकले. अमेरिकेतील एंडोस्कोपीतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्या दोन संघटनांनी एकत्र येऊन २००६ मध्ये तिच्या वाटेतील अडचणींची यादीच प्रसिद्ध केली, आणि २००७ मध्ये ब्राझील, न्यूयॉर्क व स्ट्रासबूर्ग येथे योनिमार्गाने पित्ताशय काढण्यात आले. तरीही आज अपेंडिक्स दुखू लागलेला रुग्ण हैदराबादमध्ये काय किंवा पुण्यात काय, तोंडावाटे ऑपरेशन करून घेत नाही. कारणे त्या यादीतच होती. धडधाकट जठराला मुद्दाम छिद्र पाडायचे आणि ते आतूनच इतके घट्ट मिटवायचे की जठरातले आम्ल व जंतू उदरपोकळीत झिरपू नयेत, हे काम त्या काळच्या साधनांना पेलणारे नव्हते. शिवाय एंडोस्कोपमधील हत्यारे एकाच नळीतून समांतर पुढे येतात. दोन्ही हात एकाच बाहीत घालून गाठ मारावी तसे ते काम होते, कारण अवयव एका बाजूने ताणून धरून दुसऱ्या बाजूने कापण्याची सोयच तेथे नाही. आणि एवढे करून वाचणार काय, तर अर्ध्या-एक सेंटिमीटरचे तीन व्रण. जोखीम आणि लाभ यांचा हा मेळ बसणे कठीणच होते.

   

छिद्र मिटवण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निघाले, आणि ते अनपेक्षित बाजूने निघाले. पचनमार्गाच्या भिंतीत आतल्या बाजूस मऊ श्लेष्मल अस्तर असते आणि त्याबाहेर स्नायूंचा थर. या दोहोंच्या मधल्या सैल जागेत बोगदा खणला, तर अस्तरातले प्रवेशद्वार एका जागी आणि स्नायूवरचा छेद तिथून काही सेंटिमीटर दूर राहतो, त्यामुळे मधले अखंड अस्तरच झाकणाचे काम करते. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हे प्राण्यांवर दाखवले, आणि पंकज पसरिचा यांच्या गटाने त्याच बोगद्यातून अन्ननलिकेचा स्नायू कापून पाहिला. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी ते माणसावर केले. त्यांच्या शस्त्रक्रियेला आज ‘पोएम’ म्हणतात.

तिचा उपयोग अकॅलेशिया या विकारात होतो. या रोगात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायूचे कडे गिळताना सैल होत नाही. घास छातीतच अडकतो, रात्री झोपेत अन्न उलट वर येते, माणूस वाळत जातो. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेत एंडोस्कोपमधून अस्तराखाली निळ्या रंगाचे सलाइन टोचून फुगवटा आणला जातो, त्यावर सुमारे दोन सेंटिमीटरचा छेद घेतला जातो, आणि निळ्या धाग्यांसारख्या सैल ऊतींतून विद्युत-सुरीने वाट काढत बोगदा जठराच्या तोंडापलीकडे नेला जातो. मग आवळलेले वर्तुळाकार स्नायू कापतात आणि निघताना प्रवेशद्वार धातूच्या बारीक क्लिपांनी मिटवतात. अपेंडिक्सच्या वेळी जठर ही केवळ वाट होती. येथे अन्ननलिका हीच मुक्कामाची जागा आहे, आणि म्हणूनच हे तंत्र टिकले असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

हैदराबादच्या याच संस्थेने २०१७ मध्ये ४०८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत चार वर्षांच्या बालकापासून सत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत रुग्ण होते. ९७ टक्क्यांत शस्त्रक्रिया पूर्ण करता आली, आणि गिळण्यातील सुधारणा एका वर्षाने ९४ टक्के व तीन वर्षांनी ९० टक्के रुग्णांत टिकून होती. तथापि ही एकाच ठिकाणची, तुलनेसाठी दुसरा गट नसलेली मालिका होती. तुलना युरोपात झाली : २२१ रुग्णांच्या चाचणीत, २०१९ मधील अहवालानुसार, दोन वर्षांनी पोएमचे यश ८३ टक्के आणि लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रियेचे सुमारे ८२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. फरक होता तो दुसरीकडे. पोएमनंतर दोन वर्षांनीही ४४ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेत आम्लाने झालेला दाह दिसला, लॅपरोस्कोपीनंतर २९ टक्क्यांत. लॅपरोस्कोपीत स्नायू कापल्यावर जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती अंशतः गुंडाळून आम्लाला अडसर घालता येतो, तसा अडसर पोएममध्ये राहत नाही. पोटावर व्रण न उमटवणाऱ्या उपायाची ही आतली किंमत आहे, आणि रुग्णाला उपाय सुचवताना ती व्रणाच्या आधी सांगितली गेली पाहिजे.

मग स्नायू किती कापावा, हा प्रश्न ओघानेच आला, आणि त्यावरची एक यादृच्छिक चाचणी हैदराबादमध्येच झाली. ७१ रुग्णांपैकी काहींत अन्ननलिकेचा स्नायू सुमारे ३ सेंटिमीटर, तर इतरांत सुमारे ८ सेंटिमीटर कापला गेला. वर्षानंतर गिळण्यातील यश दोन्ही गटांत जवळपास सारखे होते आणि आखूड छेदाला लागलेला वेळ सरासरी ७२ मिनिटांवरून ४४ मिनिटांवर आला. मात्र अन्ननलिकेतील दाह अनेकदा छातीत जळजळ न करताच वाढतो, त्यामुळे रुग्णाला बरे वाटते एवढ्यावरून त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी पुन्हा एंडोस्कोपी, आणि शक्य असल्यास नाकावाटे बारीक नळी ठेवून चोवीस तास आम्ल मोजणारी तपासणी करावी लागते. नांदेड किंवा लातूरहून हैदराबादला उपचारासाठी गेलेला, आता भाकरी सुखाने गिळू लागलेला माणूस या तपासणीसाठी पुन्हा प्रवास करायला सहसा राजी नसतो. म्हणून घरी पाठवतानाच पुढच्या एंडोस्कोपीची तारीख आणि ती गावाजवळ कोठे करता येईल, हे कार्डावर लिहून देणे आवश्यक ठरते.