लाव्हारसाच्या जमिनीचा सातबारा

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या विधानभवनांवर घुमट असतो. होनोलुलूच्या विधानभवनाला घुमट तर नाहीच, मधल्या चौकावर छप्परही नाही. पाऊस थेट सरकारच्या अंगणात पडतो. १९६९ साली खुली झालेली ही इमारत म्हणजे हवाई राज्याचा काँक्रीटमधला नकाशाच. भोवतीचं पाणी हा पॅसिफिक महासागर, दर्शनी आठ खांब ही आठ मोठी बेटं, आणि दोन्ही सभागृहं ज्वालामुखीच्या आकाराची. २५ सिनेटर एका ज्वालामुखीत, ५१ प्रतिनिधी दुसऱ्यात. ही कल्पना काढणाऱ्याला राजकारणाची चांगलीच पारख असावी!

त्याआधी कारभार चालायचा तो शेजारच्या इओलानी राजवाड्यातून. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली, १८९५ मध्ये तिला याच वाड्यात कैदेत ठेवलं, आणि पुढे तिच्या दरबाराच्या दालनात लोकप्रतिनिधी बसू लागले. हवाई पन्नासावं राज्य झालं ते १९५९ मध्ये. राजेशाही गेली, तरी पहिल्या कामेहामेहा राजाचा एक कायदा आजही राज्यघटनेत आहे: म्हाताऱ्यांना, बायकांना, मुलांना रस्त्याच्या कडेला निर्धास्त पडता यावं.

इथे गावोगावी नगरपालिका नाहीत, कारभार काउंटीकडे. त्यामुळे होनोलुलूची हद्द, मधलं मिडवे वगळता, दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या कुरे या प्रवाळबेटापर्यंत पोचते!

बेटांची अशी रांग का लागली, याचं उत्तर समुद्रतळाखाली आहे. तिथे तप्त खडकाचा एक झरा जवळजवळ जागचा हलत नाही, आणि वरचं भूपृष्ठ वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर वायव्येकडे सरकतं. झऱ्यावर बेट तयार होतं, पुढे सरकतं, झिजतं. मागे नवं उभं राहतं. म्हणून वायव्येचं कौआई सुमारे पन्नास लाख वर्षांचं आहे, तर आग्नेयेचं मोठं बेट अजून वाढतंच आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अशाच एका झऱ्याची देणगी, असं बरेच भूवैज्ञानिक मानतात. फक्त आपला कारखाना साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच बंद पडला.

चालू कारखान्याची भानगड वेगळी. १९५५ मध्ये या मोठ्या बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हारस समुद्रात उतरला आणि किनाऱ्याला सुमारे आठ एकर जमीन जोडली गेली. सातबारा कोणाच्या नावे? लगतच्या जमिनीचे मालक म्हणाले, आमच्या. वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७७ मध्ये निकाल लागला: लाव्हारसाने समुद्रात घातलेली भर राज्याची, म्हणजे सगळ्या जनतेची, शेजाऱ्याची नव्हे. २०१८ च्या उद्रेकात किलाउएआने आणखी सुमारे ८७५ एकर जमीन तयार केली. भूसंपादनाची नोटीस नाही, मोबदल्यावरून मोर्चा नाही.