प्लेगला कोण घाबरलं होतं?

पुण्याच्या प्लेगची गोष्ट आपल्याला एका दमात पाठ असते: साथ आली, प्लेग अधिकारी रँडने जुलूम केला, चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. गोष्ट खोटी नाही. फक्त तिच्यात साथ निमित्तापुरती येते आणि लोक नेमके कशाला भ्यायले होते, हे कुणी विचारत नाही. माणूस मरणाला भितो, तेव्हा प्लेगलाच भ्याला असणार, असं आपण धरून चालतो.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला तो आर्थर रोडच्या इस्पितळावर. तिथे नेलेला माणूस सहसा परत येत नसे. घरी मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला आपलं माणूस असतं. तिथे पाणी परक्याच्या हातचं, आणि प्रेताचं काय होणार याचा भरवसा नाही. मग अफवा उठल्या: व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, म्हणून तिने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत, इस्पितळात माणसांचं तेल काढतात.

पण भीती इस्पितळ या वस्तूची होती, असंही म्हणता येत नाही. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात रोगी नेत होत्या आणि त्याच सेवेत 10 मार्च 1897 रोजी प्लेगने गेल्या. लोकांना धास्ती होती ती उचलून नेलं जाण्याची. सावित्रीबाई गेल्यावर तीनच दिवसांनी, 13 मार्चला, पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचं काम सुरू झालं, आणि त्यासाठी दिमतीला आठशेहून जास्त शिपाई आणि अधिकारी होते.

सगळ्यात चिवट गैरसमज असा की सरकारजवळ शास्त्र होतं आणि लोकांजवळ अंधश्रद्धा. शास्त्र तेव्हा अर्धंच होतं. प्लेगचा जंतू 1894 मध्ये शास्त्रज्ञ येर्सिनला हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे डॉक्टर सिमाँने 1898 मध्ये कराचीत दाखवलं आणि तेही पुढे कितीतरी वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. तोवर सारा दोष घाणीला, ओलीला आणि कोंदट हवेला. म्हणून जमिनी उकरा, कौलं उतरवा, चुना मारा, कपडे-अंथरुणं जाळा, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात धाडा. गोरे शिपाई देवघरापर्यंत येत. प्लेगची गाठ काखेत नाहीतर जांघेत उठते. तेव्हा तपासणी म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको होतं. एवढं करून उकरलेल्या घरातले उंदीर जात शेजारच्या घरात. आणि गाठीचा प्लेग तर माणसाकडून माणसाला क्वचितच होतो! ज्या उपायांसाठी घरं फोडली, त्यांतल्या बऱ्याचशांचा उपयोग नव्हता. उलट घरात उंदीर पडायला लागले की चंबूगबाळं उचलून शेतात झोपडी घालायची, ही रीत रोगाच्या मुळाशी जास्त जवळ होती. पुढे सरकारनेही गावं रिकामी करण्यावर भर दिला.

लोकांचं सगळंच बरोबर होतं, असं मात्र नाही. हाफकिनने 10 जानेवारी 1897 रोजी भायखळ्याला आपण बनवलेली प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. ती उपयोगी होती, तरी तिच्याकडेही लोक बराच काळ संशयानेच पाहत राहिले. एकदा भरवसा उडाला की चांगल्याचंही वाईट होतं.

आणि सरकार? ते तर सगळ्यांहून घाबरलेलं होतं. युरोपातली राष्ट्रं हिंदुस्थानच्या मालाला आणि जहाजांना बंदरं बंद करायला निघाली होती. 1897 च्या सुरुवातीला व्हेनिसला याच साथीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्यापार बसेल या धसक्याने 4 फेब्रुवारीला साथरोग कायदा घाईने मंजूर झाला. शिपाई घरात घुसले, त्यामागे बंदरांचा हा हिशेबही होता.

टिळकांचा प्लेग-उपायांना विरोध होता, हेही वारंवार ऐकू येतं. पण पुढारी शहर सोडून जात होते तेव्हा ते पुण्यात राहिले, हिंदू प्लेग इस्पितळ उभं करण्यात पुढे होते, रोगी वेगळा ठेवावा असं सांगत होते. भांडण पद्धतीशी होतं. 22 जून 1897 ला गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने टिळकांवर राजद्रोह लावून अठरा महिन्यांची शिक्षा दिली, पुण्यातल्या नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवलं आणि जादा पोलिसांचा खर्च पुणेकरांच्या माथी मारला. गोळ्यांमुळे झडत्या थांबल्या, ही समजूतही तपासून पाहावी. पुण्यातली मोहीम मे महिन्यातच आवरती घेतली होती.

मृत्यूंच्या आकड्यांशी या सगळ्या भीतीचा मेळ बसत नाही. प्लेगने सगळ्यात जास्त माणसं नेली ती नंतर: एकट्या 1907 साली देशभरात बारा लाखांहून जास्त, त्यातली जवळपास निम्मी पंजाबात. 1918 च्या इन्फ्लुएंझाने काही महिन्यांत त्याच्या कितीतरी पट बळी घेतले. त्या साथीने दंगली पेटवल्या नाहीत, कारण कुणी कुणाच्या घरात शिरलं नव्हतं.

1897 चा तो साथरोग कायदा जेमतेम चार कलमांचा होता. महाराष्ट्रात तो 13 मार्च 2020 पासून पुन्हा लागू झाला. रँडच्या कमिटीचं काम सुरू झालं तीच ही तारीख, हा योगायोग. चौथं कलमही जुनंच होतं: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा किंवा खटला चालणार नाही.