अर्ध्या मीटरच्या तारेत

हार्ड डिस्कला जोडणारी साटाची केबल एकदा हातात घेऊन नीट बघा. चपटी, बोटभरही रुंद नाही, बहुधा लाल. हार्ड डिस्क घेताना आपण चार दुकानं फिरतो, केबल मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतो. तिच्या आत सात तारा असतात. तीन नुसत्या ग्राउंडच्या. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या: एक जाण्याची, एक येण्याची. यातल्या एकेका जोडीतून सेकंदाला ६०० कोटी बिट्स धावू शकतात.

हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून मी तो लांबीत बदलून पाहिला. तारेतला संकेत प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने पळतो. एका बिटाच्या वाट्याला जेवढा वेळ येतो, तेवढ्यात तो जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर पुढे सरकतो. म्हणजे एक बिट बोटाच्या पेराहून थोडा लांब! अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये एका क्षणी पंधराएक बिट्स एकामागे एक धावत असतात. पहिला डिस्कपाशी पोचतो तेव्हा पंधरावा नुकताच निघालेला असतो. हे कळल्यापासून मी केबलला निष्काळजीपणे हात लावलेला नाही.

सौंदडच्या आमच्या घरात जिन्याखाली एक जुनं कॅबिनेट आहे. त्यात आठ डिस्क आहेत आणि त्यांत घरची सगळी साठवण: लग्नांच्या कॅसेटवरून उतरवलेले व्हिडिओ, झाडीपट्टीतल्या नाटकांची चित्रणं आणि आजीने धानाच्या रोवण्याला बांधीत म्हटलेली गाणी. आमच्या भागात मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. तलाव केवढा, पाळ किती उंच, हे कोणीही सांगेल. पण धान पिकतं ते तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या तोंडातून, पाणी वेळेवर सुटलं तर. घरच्या सर्व्हरचंही तसंच आहे. डिस्क म्हणजे तलाव. तुडूम आणि पाट म्हणजे डिस्क जोडायचं कार्ड आणि केबल.

तारा कमी, तर वेग जास्त कसा? जुन्या कॉम्प्युटरमधली ती रुंद, राखाडी पट्टी आठवते? तिच्या शेवटच्या अवतारात ८० तारा होत्या आणि वेग होता सेकंदाला १३३ मेगाबाइट. २००३ मध्ये सात तारांची साटा आली ती १५० वर, आणि आज ती ६०० वर आहे. पट्टीत सोळा बिट्स सोळा तारांमधून एकदम निघायचे आणि एकदमच पोचावे लागायचे. रोवण्याला बायकांची ओळ बांधीत उतरते तेव्हा सगळ्यांना सोबत मागे सरकावं लागतं. एकीचा हात मागे पडला की ओळ थांबते. वेग वाढला तशा तारांच्या लांबीतल्या आणि घडणीतल्या बारीक फरकांनीही ही ओळ मोडायला लागली. साटाने ओळच काढून टाकली. बिट्स एकामागे एक पाठवले, मग कोणाला कोणासाठी थांबायचं कारणच उरलं नाही.

त्यातही जोडी का, एकच तार का नाही? कारण जोडीतली एक तार दुसरीची उलट प्रतिमा असते. एक वर गेली की दुसरी खाली. व्होल्टेज फक्त अर्ध्या व्होल्टच्या आसपास, घड्याळाच्या सेलच्या एक तृतीयांश. शेजारच्या पंख्याने किंवा एसएमपीएसने गोंधळ घातला तर तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडे चिप एकीतून दुसरी वजा करते. गोंधळ गोंधळातून वजा होतो आणि संदेश तेवढा उरतो.

आता सगळ्यात सुंदर गोष्ट. या केबलमध्ये ठोका देणारी वेगळी तारच नाही. मग एक बिट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे पलीकडच्याला कसं कळतं? लागोपाठ हजार शून्यं आली तर मोजणी चुकणारच. आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती इथे कामी येते. दर आठ बिट्सच्या जागी दहा पाठवायचे, आणि ते असे निवडायचे की सलग पाचांहून जास्त सारखे बिट्स कधी येऊच नयेत. संकेत सतत वर-खाली होत राहतो आणि त्या हालचालीतूनच पलीकडची चिप ठोका धरून ठेवते. ६०० कोटी बिट्समधून सेकंदाला ६०० मेगाबाइटच मिळतात ते यामुळे. एक पंचमांश वेग ताल राखण्यासाठी दिलेला असतो.

आता कार्डाकडे वळू. साध्या मदरबोर्डवर चार किंवा सहा साटा पोर्ट असतात. आठ डिस्क लावायच्या तर कार्ड हवं, आणि ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं. हा स्लॉट घडवणाऱ्यांमध्ये इंटेलचे अजय भट्ट होते. यूएसबीच्या मागेही तेच. ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात.

या स्लॉटचा वेग लेनमध्ये मोजतात. दुसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात. आता हिशेब करा. एक फिरती डिस्क २०० मेगाबाइट देते असं धरलं तर आठ मिळून १,६०० होतात. एकाच लेनच्या स्वस्त कार्डावर त्या लावल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साठएक उरतात. सौंदडवरून जाणारी गोंदिया-चांदाफोर्ट लाईन एकेकाळी नॅरोगेज होती, रुळांत अडीच फुटांचं अंतर. गोंदियापर्यंत ब्रॉडगेजवर आलेला माल तिथे उतरवून लहान डब्यांत भरल्याशिवाय पुढे येत नसे. एका लेनचं कार्ड म्हणजे ते गोंदिया स्टेशन.

रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण घरचं एक गिगाबिटचं नेटवर्क स्वतःच १२५ मेगाबाइटच्या पुढे जात नाही. जाणवतं ते एखादी डिस्क गेल्यावर. नवी डिस्क लावली की बाकीच्या साती डिस्क वाचून तिच्यावरचा मजकूर पुन्हा उभा करावा लागतो, आणि तेव्हा सगळ्या एकदम धावतात. ८ टेराबाइटची डिस्क २०० च्या वेगाने भरायला अकरा तास लागतात, साठच्या वेगाने दीड दिवसाच्या वर. एकाच डिस्कची जादा सोय ठेवली असेल तर तेवढा वेळ घराची आठवण एका धाग्यावर टांगलेली असते.

म्हणून मी सर्व्हरमधून निघालेलं जुनं एलएसआय ९२११-८आय घेतलं. आठ लेन, म्हणजे सेकंदाला ४,००० मेगाबाइटची वाट. कार्ड घेताना ते 'आयटी मोड'मध्ये आहे का, हे विचारून घ्या. रेडच्या मोडमध्ये कार्ड स्वतः डिस्कची मोट बांधतं आणि आपल्याला एकच मोठी डिस्क दाखवतं. आयटी मोडमध्ये ते मध्ये काही करत नाही, प्रत्येक डिस्क जशी आहे तशी पुढे ठेवतं. झेडएफएससारखी फाइल-व्यवस्था प्रत्येक तुकड्याची बेरीज स्वतः तपासते, तिला डिस्क थेटच दिसायला हवी.

या कार्डावर दोन रुंद सॉकेट असतात. एकेकातून निघालेली केबल पुढे चार साटा टोकांत फुटते. इथे नीट बघा: फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन जातींच्या केबली दिसायला अगदी सारख्या असतात. कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. उलटी लावली तर काही जळत नाही, पण डिस्क दिसतच नाहीत. साटा डिस्क जोडायची तर लांबी एक मीटरच्या आत ठेवा. आणि अशी कार्डं सर्व्हरमधल्या सततच्या वाऱ्यासाठी केलेली असतात. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात, जिन्याखाली, त्यावर एक छोटा पंखा हवाच.

विजेच्या तारांनाही हलकं समजू नका. सुरू होताना एक डिस्क १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते. आठ मिळून १९२ वॉट, तेही पहिल्या काही सेकंदांत. मोलेक्सच्या वीजजोडावरून साटाचा वीजजोड करणारे, टोकाला तारा प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेले जोड टाळा. आत तारा सरकून टेकल्या तर ते जळतात.

मागच्या उन्हाळ्यात एका डिस्कच्या तब्येतीच्या तक्त्यात १९९ क्रमांकाच्या ओळीचा आकडा वाढू लागला. सोमवारी ३, गुरुवारी ४१. डिस्क चालली, असं समजून मी नव्या डिस्कच्या पैशांची जुळवाजुळव करायला लागलो होतो. मग त्या ओळीचा अर्थ वाचला. केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत तपासणीचा एक आकडा जातो. तो जुळला नाही की गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि या ओळीत एकाची भर पडते. डिस्क ठणठणीत होती. कॅबिनेट नीटनेटकं दिसावं म्हणून मीच केबलींचा जुडगा प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळला होता आणि एक केबल कोपऱ्यात काटकोनात मोडली होती. पट्टी कापली. धातूची क्लिप असलेली नवी केबल सैल वळणाने बसवली. आकडा ४१ वर थांबला. तो कमी कधीच होत नाही, आणि तो आजही ४१ आहे.

आजीचं एक गाणं तीन मिनिटांचं आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज, एकाच माइकचा. त्याचे बिट्स होतात साडेबारा कोटींहून जास्त. मी ते लावतो तेव्हा तिचा आवाज त्या लाल तारेतून येतो, प्रत्येक आठ बिट्सना दोन सोबती घेऊन, तपासून, एकामागे एक, आणि तारेत एका वेळी फक्त पंधराएक. त्यांतला एकही वाटेत हरवत नाही.