ताशी दराचा हिशेब

विद्यार्थिदशेत शिकवण्या करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागविण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. गणित घेऊन 1884 साली पदवीधर झालेल्या महर्षी कर्व्यांनीही मुंबईत शिकवण्यांचा आधार घेतला होता. परंतु विद्येचा विक्रय करू नये हा घरचा संस्कार आणि खाणावळीचे देणे महिनाअखेर चुकते करावेच लागते ही वस्तुस्थिती, या दोहोंच्या कात्रीत सापडलेला तरुण मोबदल्याचा विषय निघाला की हटकून खाली पाहू लागतो.

पुण्यात पदव्युत्तर वर्गात असताना मी दहावीच्या मुलांना बीजगणित आणि भूमिती शिकवीत असे. पहिल्या भेटीत चहा येई, मुलाच्या चाचणीची उत्तरपत्रिका येई, आणि "काय घ्याल, सर?" हा प्रश्न मात्र मी चपला पायांत सरकवीत असताना उंबऱ्यापाशी येई. "काकू, तुम्हीच सांगा," असे म्हणण्याचा मोह तेथे आवरावा. कारण यजमानांच्या मनातला आकडा बहुधा चाळीस मुलांच्या क्लासच्या फीवरून बेतलेला असतो, आणि एकट्या मुलापाशी बसून शिकविण्याशी त्याचा संबंध नसतो.

दर ठरविण्यापूर्वी तास म्हणजे नेमका किती वेळ, हे पाहावे. शिवाजीनगरच्या वसतिगृहातून कोथरूडला जाण्यास अर्धा तास, परतण्यास अर्धा, आणि तयारीला नि वही तपासण्याला आणखी अर्धा, असे धरले तर साठ मिनिटांच्या शिकवणीत अडीच तास खर्ची पडतात. म्हणजे ताशी 300 रुपये कबूल करून घेणाऱ्याच्या पदरात वस्तुतः ताशी 120 रुपयेच पडतात. तीच बैठक दीड तासाची केली, की 450 रुपये तीन तासांवर विभागले जाऊन हाच आकडा 150 होतो. त्यामुळे दराची घासाघीस करण्यापेक्षा बैठकीची लांबी वाढवून मागणे मला नेहमीच अधिक शहाणपणाचे वाटले. पालकांचा दर तोच राहतो, जाण्यायेण्याचा भार मात्र हलका होतो.

तयारीचा अर्धा तास पालकांना दिसत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. एक मुलगा वर्गसमीकरणे सूत्राने सोडवी, आणि तरीही त्याचे प्रत्येक तिसरे उत्तर चुके. x² − 3x − 10 = 0 या समीकरणात त्याने विवेचक 9 − 40, म्हणजे −31, असा काढला आणि 'मुळे वास्तव नाहीत' असे सुवाच्य अक्षरात लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. वस्तुतः शेवटचे पद ऋण असल्याने तेथे 9 + 40, म्हणजे 49, यावयास हवे होते आणि 5 व −2 ही मुळे मिळावयास हवी होती. सूत्र त्याला पाठ होते. दोन ऋण चिन्हे समोरासमोर आली की त्यांतले एक तो गिळून टाकी. हे ध्यानात येण्यासाठी त्याच्या जुन्या वह्या चाळाव्या लागल्या, आणि मग केवळ शेवटचे पद ऋण असलेली उदाहरणे निवडून काढावी लागली. हे काम वसतिगृहातल्या खाटेवर बसून झाले म्हणून ते बिनमोल ठरत नाही.

दरमहा ठोक रक्कम घेण्याचा प्रघात सोयीचा खरा, पण त्यात खाड्यांचा तंटा ठरलेला. मुलाच्या मावसबहिणीचे लग्न निघाले तर तो खाडा कोणाचा? शिवाय पूर्वपरीक्षा जवळ आली, की "सर, जरा रविवारीही येऊन जा" हा आग्रह सुरू होतो आणि ठोक रकमेत तो निमूटपणे जिरतो. ताशी दरात हा प्रश्न उद्भवत नाही. फक्त आयत्या वेळी निरोप आल्यास अर्धे शुल्क, ही अट आरंभीच बोलून घ्यावी. गुणांवर बक्षिसी ठरविण्याच्या फंदात तर पडूच नये.

दराला वरची मर्यादाही असते. वीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकाइतके शुल्क विद्यार्थ्याने मागू नये, आणि तेवढाच वेळ अन्य कामाला देऊन जे मिळाले असते त्याहून कमीही घेऊ नये. या दोन सीमांच्या दरम्यान कुटुंबाची ऐपत पाहून सवलत जरूर द्यावी, पण आपला मूळ दर सांगून मग द्यावी.

भावंडांचे प्रकरण निराळे. दोघे एकाच इयत्तेत असतील तर दुसऱ्याचे निम्मे शुल्क मला रास्त वाटे. "धाकटा नुसता शेजारी बसेल हो," असे मात्र कोणी म्हणाले, तर त्याचाही दर त्याच वेळी ठरवून घ्यावा. कारण दहा मिनिटांच्या आत तो सातवीचे पुस्तक घेऊन अपूर्णांक विचारायला येतो, आणि त्याला नाही म्हणवत नाही.